परिचयाच्या पाच ओळी

प्रत्येकाने स्वतःबद्दल पाच ओळी लिहून द्याव्यात, असा मेसेज आमच्या बँडच्या ग्रुपवर आला आणि त्या पाच ओळींना मला अकरा दिवस लागले. बाकीच्यांनी त्याच संध्याकाळी पाठवल्या होत्या.

आम्ही जुन्या पद्धतीचा जॅझ वाजवतो. म्हणजे ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट एकाच वेळी वाजतात, पण तिघांच्या वाटा वेगळ्या असतात. दर रविवारी सकाळी सिकंदराबादला एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सराव असतो. आम्ही सहा जण. कोण कुठून आलं हे सगळ्यांना पाठ आहे, कारण चहाच्या वेळी दुसरं बोलणंच नसतं. ट्रंपेटवाले अंकल वरंगलकडच्या एका खेड्यातले. अठराव्या वर्षी फौजेत गेले, तिथल्या बँडमध्ये आधी बिगूल आणि मग ट्रंपेट शिकले. अजूनही वाजवताना पाठ ताठ असते. ट्रॉम्बोनवाले अंकल अँग्लो-इंडियन, मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांचे मामा रेल्वेच्या क्लबात नाचाच्या कार्यक्रमांना वाजवायचे, ट्रॉम्बोन त्या मामांचाच आहे आणि त्याला पडलेल्या पोचाचीसुद्धा एक गोष्ट आहे, ती आम्ही बरेचदा ऐकली आहे. ड्रम आणि मोठा बास वाजवणारे दोघे भाऊ त्याच चर्चमध्ये लहानाचे मोठे झाले. बँजो वाजवणारा दादा पुण्याचा. सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रोजेक्टसाठी परदेशात होता तेव्हा त्याने असा एक बँड रस्त्यावर वाजताना ऐकला आणि येताना बँजो घेऊन आला. हॉल ठरवणं, पत्रक छापणं, सगळं तोच करतो. तो नसता तर आमचा एकही कार्यक्रम झाला नसता, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल तक्रार करणार आहे.

मी क्लॅरिनेट वाजवते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच.

पहिल्या दिवशी ट्रंपेट अंकलनी विचारलं होतं, किससे सीखा? मी म्हणाले, एक सर थे. ते खोटं होतं. ते तोंडातून का निघालं ते अजून नीट सांगता येत नाही. सगळ्यांचं ऐकल्यावर आपलं सांगायची छाती झाली नाही, एवढंच खरं.

मला पप्पांनी शिकवलं. पप्पा एका सरकारी ऑफिसात अटेंडर, म्हणजे शिपाई, आहेत आणि लग्नसराईत बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवतात. ते त्याला क्लॅरनेट म्हणतात. पार्टीचं दुकान अफझलगंजच्या एका गल्लीत आहे. लाल कोट घरी दाराच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो. मी नववीत असताना ते माझ्या मागे बसून माझ्या बोटांवर बोटं ठेवायचे आणि कुठलं भोक कधी झाकायचं ते दाबून दाखवायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला असायचा. वरातीत मुली नसतात, त्यामुळे पप्पांबरोबर बाहेर मी कधीच वाजवलं नाही.

आईला हे वाजवणं पसंत नाही. आमचं मूळ गाव नांदेडकडे. तिथे गावाच्या लग्नात, मिरवणुकीत वाजवणं हे आमच्या लोकांवर लादलेलं काम होतं. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी हलगी कायमची खाली ठेवली. सासऱ्यांनी जे सोडलं तेच यांनी शहरात येऊन पुन्हा हातात घेतलं, असं आई म्हणते. पप्पा म्हणतात, ते गावाचं होतं, हे माझं आहे. यावर दोघांचं कधी जमलं नाही. मी मध्ये बसून दोघांचंही बरोबर आहे असं म्हणते आणि दोघंही माझ्यावर चिडतात.

सरावात मात्र माझ्या वाजवण्यातून पप्पा लपत नसत. बँड पार्टीत गाणं क्लॅरिनेट घेतं. मूळ चाल क्लॅरिनेटने वाजवायची, बाकीच्यांनी मागून साथ द्यायची. आमच्या जॅझमध्ये चाल ट्रंपेटची. क्लॅरिनेटने तिच्या वरून, इकडून तिकडून फिरायचं, पण चालीला हात लावायचा नाही. हे मला डोक्याने कळलं होतं. बोटांना कळत नव्हतं. दोन ओळी बरोबर जायच्या आणि तिसऱ्या ओळीला मी चाल पकडलेली असायची, तीही अंकलपेक्षा जोरात.

एका रविवारी असं चार वेळा झालं. ट्रंपेट अंकलनी वाजवणं थांबवलं आणि शांतपणे म्हणाले, "गाना मेरा है, बेटा. तू ऊपर से चल."

ट्रॉम्बोन अंकल हसत म्हणाले, "अरे जाने दो मॅन, वो दुल्हे को लेके निकल गई. हम लोग घोडे के पीछे चलते."

सगळे हसले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मीसुद्धा हसले आणि क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती बदलायचं निमित्त करून खाली मान घातली. त्या दिवशी घरी जाताना मला राग अंकलचा आला नव्हता, माझ्या बोटांचाही नाही. दीड वर्ष 'एक सर थे' म्हणून बसले होते, त्याचा आला होता.

म्हणून त्या पाच ओळींत मी खरं लिहायचं ठरवलं. शहरातच हिमायतनगरला आमचा कार्यक्रम होता, पत्रक तिथे वाटलं जाणार होतं आणि पप्पा येणार होते. माझ्या कॉलेजचं नाव, वर्ष, कधीपासून वाजवते हे झटकन झालं. उरलेले दिवस एका ओळीत गेले. शेवटी लिहिलं, माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, मी त्यांच्याकडून शिकले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, कॉलेजच्या पोरीच्या कागदावर ते कशाला? पप्पा जेवत होते. ते ताटाकडे बघतच म्हणाले, "लिव्हलंस का खरंच?" मी हो म्हटलं. त्यांनी आणखी भात घेतला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दादाने छापलेलं इंग्रजी पत्रक दाखवलं. ट्रंपेट अंकलची फौज होती, मामांचा ट्रॉम्बोन पोचासकट होता, चर्च होतं, परदेशातला रस्ता होता. माझ्या नावाखाली होतं की ही स्वतःच शिकलेली कलाकार आहे.

मी विचारलं, दादा, माझी एक ओळ राहिली का? तो लगेच म्हणाला की नाही, त्याने विचार करून बदलली. "अगं, लोक कसे असतात तुला माहितीये. उगाच कुणी काही बोललं तर तुलाच वाईट वाटेल. आणि नोटेशन तर तू इथेच शिकलीस ना? स्वतः शिकली म्हटलं की किती छान वाटतं."

त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी. त्याने मला पहिल्या दिवसापासून धाकट्या बहिणीसारखं वागवलं आहे. मला म्हणायचं होतं की वाईट आत्ता वाटतंय. मी म्हणाले, "ठीक आहे दादा."

ते दोन शब्द मला अजून टोचतात.

कार्यक्रमाला पप्पा ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, म्हणून पत्रकाचं काही होणार नाही असं मी स्वतःला समजावत होते. मी अगदी बरोबर वाजवलं. चालीला एकदाही हात लावला नाही. ट्रंपेट अंकलनी शेवटी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे त्यांच्या हिशोबाने शाबासकी. मला मात्र सगळा वेळ वाटत होतं की मी दुसऱ्या कुणाची तरी बोटं घेऊन आले आहे.

बसमध्ये पप्पा खिडकीशी बसले. मग म्हणाले की छान झालं, फक्त एखादं गाणं तू घ्यायला पाहिजे होतं. मी सांगितलं, यात क्लॅरिनेट गाणं घेत नाही. ते म्हणाले, हाव, दिसलं मला. नंतर खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं.

"शेजारी बसलेल्या पोरीनं वाचून दाखवलं," ते म्हणाले. "बराबर लिव्हलंय. शिकलीस तू सोताच. मी नुसती बोटं ठेवली."

त्यांनी टोमणा मारला असता तर मी उत्तर दिलं असतं. पण ते मनापासून बोलत होते. दीड वर्षापूर्वी मी जे खोटं बोलले होते, तेच वेगळ्या शब्दांत आता छापून त्यांच्या हातात आलं होतं आणि त्यांनी ते मान्यही करून टाकलं होतं. ती ओळ मी लिहिली होती, दुसऱ्याने काढली, एवढं साधं वाक्य आमच्या स्टॉपपर्यंत मला जमलं नाही.

पुढच्या रविवारी मी सरावाला लवकर गेले. दादा एकटाच खुर्च्या लावत होता. मी म्हणाले की मला माझी ओळ परत हवी आहे. तो गोंधळला, मग म्हणाला की पुढच्या दोन कार्यक्रमांची पत्रकं छापून झाली आहेत, आता काय करणार. पुढच्या वेळी नक्की बदलू, 'संगीताची परंपरा असलेलं घर' असं काहीतरी लिहू. मी म्हटलं, परंपरा नको, बँड पार्टी लिहायचंय. पत्रकांचा बॉक्स कुठे आहे?

बॉक्स टेबलावर ठेवून मी एकेका पत्रकावर माझ्या नावाखालच्या छापील ओळीवर रेघ मारायला आणि बाजूला पेनाने लिहायला सुरुवात केली. दादा म्हणाला, घाण दिसेल गं असं. मी लिहीत राहिले. मान वर केली असती तर पुन्हा ठीक आहे म्हणाले असते.

बाकीचे आले. ट्रॉम्बोन अंकलनी एक पत्रक उचललं, वाचलं, माझ्याकडे बघितलं. घोड्याची गोष्ट त्यांना आठवली असावी, कारण थट्टा न करता ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी लिहायला दादाच्या खिशातला पेन मागून घेतला. मग विचारलं, पप्पा किती वर्षं वाजवतायत? मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी बाहेर जाऊन पप्पांना फोन लावला.

सगळं सांगून झालं. मला वाटलं, आता म्हणतील की राहू दे, कशाला. ते म्हणाले, "माझं लिव्हायलीस तर आधी उस्तादांचं लिव्ह. मला कुणी शिकवलं? त्यांच्या आधी माझं नाव येत नसतंय."

उस्ताद म्हणजे अफझलगंजच्या दुकानातले म्हातारे मास्तर, मी जन्मायच्या आधीच गेलेले. पप्पांच्या बोटांवर त्यांनी बोटं ठेवली होती. त्यांचं नाव मी त्या फोनवर पहिल्यांदा ऐकलं आणि पप्पांकडून दोनदा म्हणवून घेतलं. किती वर्षं वाजवतात ते विचारायचं राहूनच गेलं.

आत आले तर चाळीसेक पत्रकं लिहून झालेली होती आणि उस्तादांविना सगळी चुकीची. माझ्या नावाशेजारी जागा होती दोन बोटं, ती पप्पांच्या ओळीनेच भरली होती. ट्रंपेट अंकल घड्याळ बघत होते. दादा म्हणाला, आता आणखी काय? मी लिहिलेल्या पत्रकांपैकी वरचं घेतलं, पप्पांच्या ओळीच्या डोक्यावर, दादाच्या बँजोच्या परिच्छेदात थोडं घुसून, बारीक अक्षरात उस्तादांचं नाव लिहिलं आणि दुसरं पुढे ओढलं.