भाचीच्या कॉमिकची उरलेली पानं

भाचीचं कॉमिक मी फाडलं. ते तिनं हरवलं नव्हतं, उंदरांनीही कुरतडलं नव्हतं. ते तिचं आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी एकेक पान ओढून काढलं, त्यात भजे बांधले आणि गिऱ्हाइकांच्या हातात दिले.

चौसाळ्याला रस्त्याकडेला माझं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. धाकटी बहीण आणि मेहुणे दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जातात, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. यंदा भाची सातवीला गेली, म्हणून शाळेसाठी तिला माझ्याकडे ठेवलं. निघताना मेहुण्यांनी तिला स्टँडवरून ते कॉमिक घेऊन दिलं होतं.

बहिणीला वाचता येत नाही. संध्याकाळी उसाच्या फडातून आपल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, आली की ती फोन करायची आणि भाची तिला दोन पानं वाचून दाखवायची. रोज दोनच. पुढचं पान एकटीनं उघडायचं नाही, असं मायलेकींचं ठरलेलं. कॉमिकमध्ये आकाशात उडणारा एक वीर होता, पण भाचीचा सगळा जीव त्याच्या शेजारच्या पोरीवर. ही पोर एरवी नुसती निरोप पोहोचवायची. या अंकात पूल कोसळतो, वीर त्याखाली अडकतो, पोर लोखंडाला हात लावते आणि पुलाची अवजड तुळई तिच्या हातानं अलगद उचलली जाते. तिथवर त्या दोघी पोहोचल्या होत्या.

"मामा, तिला बी शक्ती आली!" भाची धावत गल्ल्यापाशी आली.

"आली ना? मग ते कप विसळ पटपट," मी म्हणालो. ती हसली आणि कप विसळायला बसली. कॉमिक गल्ल्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. भाची शाळेत, हॉटेलात पाय ठेवायला जागा नाही, आणि रद्दी संपलेली. "अबे, आता हातावर देतो का भजे?" एकजण ओरडला. सगळे हसले. शेजारच्या किराणा दुकानातून रद्दी मागून आणता आली असती. मी कॉमिक ओढलं. पोराठोरांचं पुस्तक, त्याचं काय एवढं, असं वाटलं. दुपारपर्यंत एक पान उरलं नाही.

संध्याकाळी तिनं विचारलं, "मामा, माझं पुस्तक?"

"मला काय विचारतीस? तूच टाकलं असशील कुठं तरी."

तिनं दप्तर उपसलं, कांद्याचं पोतं हलवलं, बाजेखाली वाकून पाहिलं. माझी बायको म्हणाली, "ध्यान न्हाई पोरीचं." फोनवर बहीणही बोलली, "मामाच्या घरी राहतीस, वस्तू सांभाळाव्या बाई." भाची "हो आई" म्हणाली. मी मिरच्या चिरत होतो. मान वर केली नाही.

त्यानंतरच्या संध्याकाळी ती फोन घेऊन पायरीवर बसली. "सापडलं आई," म्हणाली आणि वाचू लागली. मी डोकावलो. मांडीवर भूगोलाचं पुस्तक उघडं होतं. ती मनानंच सांगत होती. पोरीनं पूल उचलून बाजूला ठेवला, मग चिखलात रुतलेली उसाची बैलगाडी एका हातानं बाहेर काढली.

पलीकडून बहीण हसली. "अगं, मग तिला हिकडं धाड. मोळ्या लई जड हायत."

भाचीनं भूगोलाचं पान उलटलं. "येतीय ना. पण तिची शाळा हाय."

असे आठ-दहा दिवस गेले. मी रोज ऐकायचो आणि रोज ठरवायचो, उद्या सांगू. मग एकदा बहीण म्हणाली, "पाडव्याला आले की ती चित्रं दाव मला. त्या पोरीचं तोंड बघायचंय."

फोन ठेवून भाची माझ्याकडे आली. चेहरा उतरला होता. "मामा, आई यायच्या आत सापडंल ना वो? न्हाई तर तिला कळंल मी खोटं वाचायले."

मी मान हलवली. हो म्हणून. त्या मान हलवण्याची लाज मला कॉमिक फाडण्यापेक्षा जास्त वाटते.

पुढच्या संध्याकाळी फोन यायच्या आधी मी तिला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"मी पोतं हलवायले होते, तवा तुमाला ठावं होतं?"

"हो."

"कावून बोलला न्हाईत मग?"

लाज वाटली म्हणून, असं पुटपुटलो. ती पायरीच्या कडेला नख घासत राहिली.

"आईला तुमीच सांगा," ती म्हणाली. "मी मनानं वाचायले होते ते बी."

फोन वाजला. मी आवाज मोठा करून तो दोघांच्या मधे ठेवला आणि बहिणीला पहिल्यापासून सांगितलं. तिकडून ती एवढंच म्हणाली, "दादा, मी लेकराला उगंच बोलले की रे."

मी भाचीकडे वळलो. सातवीतल्या पोरीपुढे हात जोडायला मला जड गेलं, तरी जोडले.

"बाई, पुस्तक मी फाडलं आणि आळ तुझ्यावर येऊ दिला. तू शोधत होतीस अन् मी बघत बसलो. तुझं काही चुकलं नव्हतं. मला माफ कर."