पंपघराची सुनावणी

तक्रार कक्षाच्या बाई मूळच्या टंकलेखक. वीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द बडवून झाल्यावर खात्याने त्यांना कर्मचाऱ्यांच्या भेदभावाच्या तक्रारी ऐकायला बसवलं. त्या फार चांगल्या ऐकायच्या म्हणून नव्हे, तर त्या खुर्चीत बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. आधीच्या तिघांनी वर्षाच्या आत बदली मागून घेतली होती. बाई सहा वर्षं टिकल्या. साहेब लोक पाठीमागे त्यांना ‘चिकटपट्टी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

पाणीपुरवठ्याच्या पंपघरातली चालक त्यांच्याकडे आली ती काखेत जाडजूड फाईल मारून. पंपघरात ती एकटीच बाई. नोकरी बारा वर्षांची. पाळीप्रमुखाची जागा चार वेळा निघाली आणि चारही वेळा तिच्याच हाताखाली शिकलेल्या पुरुषाला मिळाली. बाईंनी तिचे चार गोपनीय अहवाल मागवून शेजारी शेजारी मांडले. चारही अहवालांत एकच वाक्य होतं, ‘स्वभावाने भाडंखोर, पुरुषांवर देखरेख करण्यास असमर्थ’. ‘भांडखोर’वरचा अनुस्वार चारही ठिकाणी एकाच चुकीच्या अक्षरावर बसलेला. अहवाल लिहिणारा म्हणजे पंपघराचा प्रमुख. बाईंनी त्याला नोटीस काढली, सोबत तक्रारीची प्रत जोडली आणि खुलाशाला पंधरा दिवस दिले.

नवव्या दिवशी चालकाची तीन बोटं गेली.

दोन नंबरचा पंप बंद करून, ‘काम चालू आहे’ ही पाटी बटणावर अडकवून ती मोटरच्या जोडाला वंगण भरत होती. शेजारच्या खोलीत कोणीतरी पाटी काढली आणि बटण दाबलं. डाव्या हाताची तीन बोटं मुळापासून तुटली, मनगटापर्यंतची कातडी मोज्यासारखी सोलून निघाली. तिला उचलून नेईपर्यंत पंप चालूच होता. ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात’ अशी नोंद मात्र तासाभरात झाली.

बाई रुग्णालयात गेल्या तेव्हा चालकाने विचारलं, “बाई, तक्रार मागे घेऊ का?”

“घ्या म्हटलं तर घ्याल?”

“नाही.”

“मग विचारता कशाला?”

चालक हसली, आणि हसण्याने हात हलल्यावर कळवळून रडली.

तक्रार केली म्हणून सूड घेणं हा नियमात वेगळा गुन्हा होता. बाईंनी नवं प्रकरण उघडलं आणि पंपघरातल्या सात जणांचे जबाब घेतले. सातही जण त्या वेळी चहाला गेले होते, आणि एकानेही दुसऱ्याला चहाच्या दुकानात पाहिलं नव्हतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? काम चालू असताना बटणाची खोली कुलपात असते आणि तिची एकमेव किल्ली प्रमुखाकडे असते, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत बाई कचेरीचा जिना उतरत होत्या. वळणावर प्रमुखाचा मेहुणा पाईपचा तुकडा घेऊन उभा होता. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज बाईंना बाहेरून नव्हे, डोक्याच्या आतून ऐकू आला. त्या गडगडत खाली आल्या. तो मागोमाग उतरला आणि त्याने त्यांच्या बरगड्यांत लाथा घातल्या, घाई न करता, पोतं नीट बसवावं तशा. तोंडातून चकार शब्द काढला नाही. शिपायांनी धावत येऊन त्याला धरलं. माझं वैयक्तिक भांडण होतं, असं त्याने पोलिसांना सांगितलं.

डॉक्टरांनी जबडा तारेने बांधला. नवरा म्हणाला, आता पुरे. सासूबाई नळीने पातळ खाणं भरवताना म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ही उलट बोलत नाहीये.” मग वाटी खाली ठेवून त्या सुनेच्या पायाशी बसून राहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात बाई कामावर हजर झाल्या. तो जिना दिसताच त्यांच्या पाचावर धारण बसली. पहिल्या पायरीवर त्या पाच मिनिटं बसल्या आणि मग कठड्याला धरून वर गेल्या. हे प्रकरण दुसऱ्याकडे सोपवा, असं साहेबांनी सुचवलं. बाईंनी कागदावर लिहिलं, ‘नोटीस माझ्या सहीची आहे.’

सुनावणीत त्या प्रश्न लिहून देत आणि कारकून ते वाचून दाखवत असे. पंपघरातला म्हातारा वंगणवाला उभा राहिला. त्याला सगळे काका म्हणत. निवृत्तीला दोन महिने उरले होते. नजर छताकडे ठेवूनच त्याने टेबलापलीकडे बसलेल्या प्रमुखाकडे बोट केलं.

“पाटी यांनीच काढली. माझ्या हातात दिली आणि म्हणाले, कोपऱ्यात ठेव. मी ठेवली.”

प्रमुख टेबल ओलांडून आला. त्याने काकांचा गळा धरला आणि त्यांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. रक्त कागदांवर उडालं. कारकून टेबलाखाली शिरला. बाईंना ओरडताही येईना. त्यांनी कागदांना भोकं पाडायचं लोखंडी यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि प्रमुखाच्या कानावर घातलं. त्याची पकड सुटली, तो गुडघ्यांवर आला. बाईंनी त्याच जागी आणखी दोनदा घातलं.

काका वाचले, टाके मात्र चौदा पडले. प्रमुख एका कानाने कायमचा बहिरा झाला आणि मेहुण्यासोबत तुरुंगात गेला. बाईंची चौकशी लागली. वकिलाने बजावलं होतं, सगळे घाव बचावाचेच होते असं लिहा. त्यांनी लिहिलं, ‘पहिला घाव माणूस वाचवायला होता. पुढचे दोन माझे होते.’ त्यांची अभिलेख विभागात बदली झाली. त्यांच्यासमोरची सुनावणी रद्द ठरली आणि दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे सगळं पहिल्यापासून झालं. पुरावा तिथेही टिकला. चालक पाळीप्रमुख झाली.

ती अभिलेख विभागात आली तेव्हा बाईंना वाटलं, आभार मानायला आली असेल.

“तुमच्या त्या दोन घावांपायी मला सात महिने थांबावं लागलं,” ती म्हणाली. “बोटांचं सगळं पुन्हा सांगावं लागलं. अनोळखी माणसांपुढे.”

“हो,” बाई म्हणाल्या.

“काकांना वाचवलंत, ते मी विसरणार नाही. पण हेही विसरणार नाही.”

बाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. पाळी सुरू व्हायची होती, ती निघून गेली. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, पश्चात्ताप होतो का? तिच्या सात महिन्यांचा होतो, त्या म्हणाल्या. घावांचा अजून झालेला नाही, आणि त्याचीच भीती वाटते.