जावेच्या अंगणातला रॉटवायलर

माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा "आई" म्हटलं ते मला नाही, माझ्या मोठ्या जावेला. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. संध्याकाळी घरी आले तर जाऊ दारातच उभी, तोंडभर हसत. "आज बोल्ली वं पोट्टी!" मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, केनवडजवळ. नवऱ्याचं आणि भासऱ्यांचं, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाचं, घर शेजारी-शेजारी आहे. मध्ये कमरेएवढी भिंत. जावेची दोन्ही मुलं पुण्याला नोकरीला. तिला दिवस जात नव्हता आणि मला दिवस पुरत नव्हता, त्यामुळे मुलगी सहा महिन्यांची झाल्यापासून जावेकडेच राहायची. ती जावेला मोठी माय म्हणते. हे सगळं सोयीचं होतं आणि मी त्याबद्दल चारचौघांत जावेचं कौतुकही करायचे. पण पाचच्या बसनं घरी यावं तर मुलीच्या केसांना तेल लागलेलं, वेणी घातलेली, पोट भरलेलं. "मी जेवली मोठ्या मायजवळ," असं ती सहज सांगायची. मग मी ती वेणी सोडून पुन्हा घालायचे. घट्ट. ती कुरकुरायची, तरी घालायचे.

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी जावेच्या धाकट्या मुलानं गाडीतून एक कुत्रा आणून सोडला. रॉटवायलर. काळाभोर, भुवयांवर तपकिरी ठिपके, मान माझ्या मांडीएवढी. हौसेनं पिल्लू घेतलं होतं, ते मोठं झालं, फ्लॅटमधल्या लोकांनी तक्रारी केल्या, म्हणून आईकडे. जाऊ आधी घाबरली. पण महिन्याभरात ती त्याला भाकरी चुरून देत होती आणि तो तिच्या साडीच्या निऱ्यांशी डोकं ठेवून पडत होता. आता माझ्या मुलीला तिकडे जायला दोन कारणं झाली.

"आई, तो मोठ्या मायचं सारं आयकते. बस म्हटलं का बसते."

"आणि माझं कोण ऐकतं?" मी म्हणाले. तिला ते कळलं नाही. बरं झालं.

त्या काळात सगळ्यांच्या मोबाईलवर हाच विषय होता. काही जातींचे कुत्रे पाळण्यावर बंदी घालणारं पत्र दिल्लीहून निघालं होतं आणि ते कोर्टात अडकलं होतं. कुठे कुणाचं लेकरू फाडलं, त्याचे व्हिडिओ गटागटांतून फिरत होते. मी ते नवऱ्याला दाखवायचे. तो शेतातून दमून आलेला असायचा. "वहिनीचं लक्ष असते ना," म्हणायचा. ते 'वहिनीचं लक्ष असते' मला व्हिडिओपेक्षा जास्त लागायचं.

एका रविवारी मी घरीच होते. भिंतीपलीकडून मुलीची किंकाळी आली. मी भिंतीवरून कशी गेले ते मला आठवत नाही. कुत्रा त्याच्या ताटलीशी उभा होता, दात दिसत होते, घशातून आवाज येत होता. मुलगी दोन हातांवर मागे सरकत होती. तिच्या मनगटावर लाल ओरखडा. ती त्याच्या ताटलीतला भाकरीचा तुकडा उचलून त्याला भरवायला गेली होती. त्यानं एकदाच झडप घातली आणि सोडलं. जाऊ चुलीवरचं दूध उतरवायला आत गेली होती, तेवढ्यात. धावत बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"एक मिनिट गेल्ली वं मी... एकच मिनिट."

"एक मिनिटच लागतं, बाई," मी म्हणाले.

ओरखडा मी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतला, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन लस सुरू केली. जखम किरकोळ होती. मला भीती वाटली होती, खरीच. पण आज इतक्या दिवसांनी लिहितेय तर तेही लिहिते: भीतीच्या खाली कुठेतरी मला बरं वाटलं होतं. मुलीला परत आणायला मला कारण मिळालं होतं.

मी दुसऱ्या दिवसापासून मुलीला तिकडे पाठवणं बंद केलं. शाळेतून तिला नवऱ्यानं आणायचं आणि मी येईपर्यंत सांभाळायचं, असं ठरलं. जाऊ भिंतीशी येऊन उभी राहायची. "कुत्र्याले बांधून ठीवतो मी. पोरीले तरी येऊ दे." मी कपडे वाळत घालत राहायचे. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले.

गावात लोक मला मॅडम म्हणतात. कुणाला ताप आला तरी आधी माझ्या दारात येतात. माझ्या बोलण्याला वजन आहे हे मला माहीत होतं. मी सांगितलं की ही जात लढाईसाठीच वाढवलेली असते, जबडा एकदा मिटला की सुटत नाही, गावात लहान लेकरं आहेत, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? तरुण पोरांपैकी एक म्हणाला, जात वाईट नसते, पाळणारा वाईट असतो. दुसरा म्हणाला, मग वाघ पाळ ना घरी. हशा झाला. जाऊ बायकांच्या घोळक्यात मागे बसली होती, मान खाली.

मग आमच्या गावचे म्हातारे शिंपीचाचा उठले. माझं लग्नातलं ब्लाऊज त्यांनीच शिवलं होतं.

"मॅडम, एक सवाल हाये. तुमच्या दवाखान्यात कुत्रं चावल्याले लोक रोज येत असतीन. त्याहीले कोन्त्या जातीचं कुत्रं चावते?"

मला उत्तर पाठ होतं. ते रजिस्टर मीच भरते. त्यात गावातलेच कुत्रे होते, रस्त्यावरचे, बहुतेक सगळे. आणि लेकरांच्या जखमा मांडीला नाही, तोंडाला, कारण लेकरांची उंचीच तेवढी. हायवेवरच्या ढाब्यांचं उष्टं आणि कोंबड्यांची आतडी आमच्या शाळेमागच्या नाल्यात पडतात, तिथे वीस-पंचवीस कुत्र्यांचा कळप जमतो, हेही मी रोज बसमधून बघत होते. चाचांचा सवाल त्याच्याबद्दल होता.

"सगळ्या प्रकारचे असतात, चाचा," मी म्हणाले आणि खाली बसले.

चाचा "अच्छा," एवढंच म्हणाले.

ठराव झाला. कुत्रा वस्तीत नको. भासऱ्यांनी त्याला शेतात नेऊन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीशी साखळीनं बांधला. बांधून बांधून तो अजून बिघडला, माणूस दिसला की साखळीवर उसळ्या मारायचा. जाऊ रोज सकाळी आणि दुपारी डबा घेऊन त्याच्याकडे चालत जायची, यायची. मला वाटलं होतं, आता मुलगी माझी होईल. ती माझ्यासमोर बसून माझ्या हातचं जेवायची, दिलं तेवढं, आणि उठायची. अंगणात खेळायची ती भिंतीच्या बाजूला. भिंतीपलीकडून हळू आवाजात काहीतरी चालायचं. मी आले की दोघी गप्प.

त्या दिवशी नवरा सोयाबीन घेऊन वाशीमच्या बाजारात गेला होता. तिथे गर्दी होती, त्याला उशीर झाला. शाळा सुटली, मुलीनं थोडा वेळ वाट बघितली आणि एकटीच निघाली, नाल्याच्या बाजूनं.

मला दवाखान्यात फोन आला तो किराणा दुकानदाराचा. "मॅडम, घाबरू नका. तुमच्या पोरीवर कुत्रे आले होते. ऑटोतून आनून राह्यलो." घाबरू नका म्हटल्यावर माणूस काय करतो? मी ड्रेसिंगचं टेबल पुसून घेतलं. अशी किती मुलं मी त्या टेबलावर बघितली होती.

ऑटो आला. आधी मुलगी उतरली, स्वतःच्या पायांनी. दप्तर पाठीवर, गालांवर धुळीचे ओघळ, अंगावर ओरखडाही नाही. मी तिला उचलायला वाकले तेव्हा मला मागची जाऊ दिसली. साडी मांडीपासून फाटलेली, रक्तानं चिकटलेली. डाव्या हाताचं मांस उघडं पडलं होतं. दुसऱ्या हातात अजून जेवणाचा रिकामा डबा.

"पोरीले पाह्य आधी," ती म्हणाली.

झालं होतं असं. नाल्याशी पाच-सहा कुत्री मुलीभोवती जमली. ती पळाली नाही, किंचाळली नाही. हात छातीशी दुमडून, नजर पायांकडे लावून उभी राहिली. कुत्री गुरगुरत, वास घेत फिरत राहिली, पण चावली नाहीत. शेतातून परतणाऱ्या जावेनं ते लांबून पाहिलं आणि ती मध्ये घुसली. डबा वाजवत, ओरडत. मग कुत्री तिच्यावर उलटली, दुकानदार काठी घेऊन धावत येईपर्यंत.

"तू पळाली काहून नाही?" मी मुलीला विचारलं.

"मी झाड झाल्ती. झाडाले कुत्रं चावत नाई. मोठ्या मायनं सांगतलं होतं." मग तिला आठवलं की हे मला सांगायचं नव्हतं. "भित्तीपलीकडून," ती पुटपुटली.

त्या ओरखड्यानंतर जावेनं पुण्याच्या मुलाकडून व्हिडिओ मागवले होते, आणि मी बंदी घातली असताना भिंतीआडून माझ्या मुलीला शिकवलं होतं. कुत्रं जेवत असताना जवळ जायचं नाही. डोळ्यांत बघायचं नाही. पळायचं नाही. पडलो तर मान आणि कान हातांनी झाकून गोळा व्हायचं. मी सिस्टर. इतकी वर्षं चावलेली लेकरं धुतली, टोचली, रजिस्टरात लिहिली. माझ्या स्वतःच्या मुलीला यातलं एक वाक्य सांगितलं नव्हतं. मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण शरमेच्या आधी वाटला तो हेवा. माझ्या लेकीला वाचवणारी गोष्टही हिनेच शिकवली.

मी नळ सोडला आणि जावेच्या जखमा धुवायला लागले. साबण झोंबतो, मोठी माणसंही ओरडतात. ती माझा खांदा घट्ट धरून बसली. जखमा खोल होत्या, जखमेभोवती द्यायचं औषध वाशीमला मिळणार होतं, म्हणून अँब्युलन्समधून मीच तिच्याबरोबर गेले. मुलगी तिच्या चांगल्या हाताला बिलगून झोपली होती.

"बाई, मी ग्रामसभेत खरं सांगितलं नाही," मी म्हणाले. "चाचांनी विचारलं तेव्हा."

"मले मालूम हाये."

"मग बोलल्या काहून नाही तुमी?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "काय बोलू? पोरीले त्यानं धरलंच होतं, अन् मी आत होती. तुही गोष्ट खोटी होती, पन तुह्या लेकराचा हात खराच होता." मग म्हणाली, "तू पांढरा कोट हातावर टाकून बसमधे चढतं ना, मी दाराआडून पाह्यतो. रोज. लगन झालं तवा मी सातवी पास होती. पुढं शिकू देलं असतं तं मीबी चढली असती. तुह्याजवळ ते हाये. पोट्टी तरी माह्याजवळ राहो, असं वाटे मले."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

तिला लसीचे सारे डोस मी माझ्याच हातानं दिले. मधल्या काळात मी चाचांच्या दुकानात गेले आणि त्यांच्या सवालाचं उत्तर दिलं. ते शिलाई न थांबवता म्हणाले, "हे मले नका सांगू. जिथं झूट बोल्ल्या तिथं सांगा." पुढच्या ग्रामसभेत सांगितलं. सोपं गेलं नाही, मागून कुणीतरी हसलंसुद्धा. पण नाल्यात उष्टं टाकणं थांबलं, ढाबेवाल्यांना खड्डा करून दिला, आणि वाशीमहून जनावरांचे डॉक्टर येऊन गावातल्या कुत्र्यांना लस टोचून गेले. नसबंदीचं अजून बोलणंच चालू आहे.

रॉटवायलर परत आला. जावेच्या अंगणात आता उंच जाळी आहे, बाहेर काढताना त्याच्या तोंडाला मुसकं असतं, आणि मुलगी तिथे एकटी जात नाही, जावेनंच तसा नियम केला आहे. त्याच्याबद्दलचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही. एवढा जबडा असलेलं जनावर लेकरांच्या घरात कशाला, असं मला अजून वाटतं. चावऱ्या गावठी कुत्र्यानं केलेली जखम भरून येते, याची कदाचित भरून येणार नाही. जाऊ म्हणते, तो कसा वागन हे आपल्या हाती हाये. आम्ही भांडतो. आता समोरासमोर भांडतो.

मागच्या महिन्यात शाळेच्या मुख्याध्यापकांना मी म्हटलं, मुलांना हे शिकवूया. त्यांना वाटलं मी शिकवीन. मी जावेचं नाव सुचवलं. नेसायला तिनं माझी साडी मागून नेली. पटांगणात दीडशे मुलं तिच्यासमोर हात दुमडून झाडं झाली, एक पोरगं हसायला लागलं तर तिनं त्याला पुढे बोलावून कुत्रं व्हायला सांगितलं. सगळी शाळा खदखदून हसली. माझी मुलगी पहिल्या रांगेत शेजारणीला सांगत होती, "ते माही मोठी माय हाये."

मला शेवटी दहा मिनिटं दिली. तोवर घंटा होत आली होती, मुलं दप्तरं चाचपत होती. मी साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, हळद-चुना लावायचा नाही, लपवायचं नाही, असं भराभर सांगितलं.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कसं झालं?"

"बाई छान बोलल्या," मी म्हणाले. "पोरं काय ऐकत होती त्यांचं."

"अन् तू?"

"मी साबणाचं सांगितलं," म्हणून मी पोळ्या लाटायला बसले. पहिल्या दोन वाकड्या झाल्या.