रंगवलेलं मेंडोलिन

पेणच्या मूर्तिशाळांवरून जाताना ऑइलपेंटचा वास आला की मला एक जुनं मेंडोलिन आठवतं. माणसाएवढं उंच, चार जाड तारांचं, खर्जातलं. कायमचं इस्रायलला जाताना ते रोह्यातल्या माझ्या मित्राला त्याच्या ज्यू शेजाऱ्यांनी दिलं होतं. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपली की तो ते उभ्याने वाजवायचा. 'बास गिटार कानाला लागते, हे पोटात घुमतं,' म्हणायचा. मेंडोलिनची पुढची फळी तडकली, तेव्हा मीच मित्राला पेणच्या एका ओळखीच्या मूर्तिकाराकडे नेलं. आठ दिवसांनी आम्ही आणायला गेलो. मूर्तिकाराने चिरेत रंगाऱ्याची लांबी लिंपली होती, सगळ्या लाकडावर तपकिरी ऑइलपेंटचे तीन हात मारले होते आणि कडेने सोनेरी वेलबुट्टी काढली होती. 'कसं नवं दिसतं, बघा!' मित्राने जाड तार छेडली. खोक्यावर थाप मारल्यासारखा आवाज आला आणि तिथेच थांबला. 'मुडदा पाडलास याचा! एवढ्या रंगाखाली लाकूड घुमेल कसं?' मित्र ओरडला. मूर्तिकार उठून उभा राहिला. 'फुटकं आणलंत, धड करून दिलं. वाजवता येत नाय म्हणून रंगाला नावं ठेवू नका.' रंग खरवडता येईल, असं मी म्हणालो. मित्र माझ्याकडे वळला. 'तूच आणलंस ना मला हितं? मग हे मढं तूच ने घरी.' तो एकटाच रोह्याला गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. कितीतरी रविवार घालवून मी सगळा रंग खरवडला. गेल्या महिन्यात त्याला फोन लावून मी तीच तार छेडली. सूर पूर्ण विरेपर्यंत त्याने ऐकलं आणि मगच फोन ठेवला.