नवऱ्याची किडनी

शरीराच्या आत स्त्री-पुरुष असा भेद नसतो. आमच्या डायलिसिस सेंटरच्या उद्घाटनात हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं होतं. मी तिथे काउन्सेलर आहे. भंडाऱ्याहून प्रत्यारोपणासाठी नागपूरला जाणाऱ्यांचे कागद तयार करते. समोर बसणाऱ्यांत किडनी घेणारे बहुधा पुरुष असतात. देणाऱ्या त्यांच्या बायका नाहीतर आया.

म्हणून लाखनीकडचे देवरामभाऊ "हिले माही किडनी द्या" म्हणाले, तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. त्यांच्या पत्नी सुमनबाई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येत. सुई टोचायला हातावर धड जागा उरली नव्हती. फार थांबता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

रक्तगट जुळला. मग क्रॉसमॅच झाली. रोग्याचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का, हे पाहणारी ही तपासणी. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे वाईट आली.

"मॅडम, माह्याच किडनीवर हिचं रक्त काहून उठून राहिलं?"

मी समजावलं. पोटातलं बाळ अर्धं बापाचं असतं. आईचं रक्त कधी कधी तो अर्धा भाग परका समजतं आणि त्याच्याविरुद्ध शस्त्रं तयार ठेवतं. ती वर्षानुवर्षं टिकतात. बाळंतपणं जितकी जास्त, तितका धोका जास्त. नवऱ्यांच्या रक्ताला या भानगडीत पडावंच लागत नाही.

"चारच तं झाले!" भाऊ म्हणाले.

पलंगावरून सुमनबाई बोलल्या, "तीन पोरीइवर मी थांबा म्हनत होती. पुसा त्याइले."



मुलाने तयारी दाखवली. त्याचीही क्रॉसमॅच तशीच आली. माहेरच्यांनी फोन उचलणं बंद केलं. शेवटी मेंदू-मृत दात्यांच्या प्रतीक्षायादीत नाव लागलं. तिथेही हेच रक्त आडवं येणार, हे मी लपवलं नाही. तेव्हापासून बाईच्या फाइलवर मी बाळंतपणांचा आकडा सगळ्यात आधी लिहिते. त्याने काही बदलत नाही. फक्त आशा वेळेवर आवरता येते.

पुढच्या महिन्यात गावाने देवरामभाऊंना बायकोला किडनी द्यायच्या तयारीबद्दल शाल-श्रीफळ दिलं. त्या दिवशी सुमनबाई डायलिसिसला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या त्या धापा टाकत. फुप्फुसांत पाणी भरलं होतं.

"काल का नाही आलात?"

"घरी चाळीस पाहुने होते, मॅडम. सयपाक कोन करन?"