अंगणातली गोल्फ कार्ट

नागावला समुद्रावर फिरायला जाताना एक म्हातारा मला रोज दिसायचा. रिसॉर्टने भंगारात काढलेली, बॅटरीवर चालणारी एक गोल्फ कार्ट त्याने अंगणात आणून ठेवली होती. खाऱ्या हवेने तिच्या वायरी हिरव्या पडल्या होत्या. एकेक वायर तो लुंगीला पुसून, डोळ्यांजवळ धरून बघायचा आणि मग बदलायचा. जुन्या जड बॅटऱ्या काढून त्याने लिथियमची नवी बॅटरी बसवली. ओट्यावर त्याची बायको बसलेली असे. तिला चालता येत नव्हतं, आणि आता माणसंही ओळखू येत नव्हती.

"दर्या बघल ना, मंग वळखल मना," तो एकदा मला म्हणाला. "लगीन झाल्यावर आमी रोज तिथंच बसाचो."

गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी त्याने तिला उचलून गाडीत बसवलं आणि मलाही सोबत घेतलं. किनाऱ्यावर ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. मग ती त्याच्याकडे वळून अदबीने म्हणाली, "दादा, मना घरी सोडाल का? घरचे वाट बघत असतील."

त्याने चावी फिरवली.

"सोडतो, बाय," तो म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.

परतताना गाडी कुठेही अडखळली नाही; त्याचं काम चोख झालं होतं. त्याचंच मला फार वाईट वाटलं.