बंदुकांचं वय सांगणारी दातांची डॉक्टर

ओमानमधल्या बरक्याच्या मासळीबाजारात सुरमई घेत होतो, तेवढ्यात वसुधाताईंच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. "विनयकाका, आई गेली." मासेवाला तुकडे जाड करू की पातळ विचारत होता, त्याला मी काहीतरी उत्तर दिलं आणि पिशवी घेऊन गाडीत येऊन बसलो. ताई तपासण्या करून घ्यायला थोड्या दिवसांसाठी म्हणून मुलीकडे गेल्या होत्या. दवाखान्यातल्या खुर्चीवर आवरण घालून "आलेच" म्हणाल्या होत्या, आणि ही बाई दिलेला शब्द कधी मोडत नसे. त्यामुळे मला दुःख व्हायच्या आधी रागच आला.

ताई राहायला अल अमेरातला, दवाखाना बरक्याला. मी आधी त्यांचा पेशंट, मग मित्र आणि शेवटी शुक्रवारचा ड्रायव्हर-कम-दुभाषी. इतकी वर्षं ओमानमध्ये काढून त्यांचं अरबी 'तोंड उघडा, चूळ भरा, दुखतंय का' याच्या पुढे गेलं नव्हतं. शिपिंगच्या ऑफिसात मी जे अरबी उचललं होतं, ते त्यांच्या कामी आलं. आणि काम काय, तर जुन्या बंदुका बघणं! एका पेशंटनं घरी जेवायला बोलावलं, तिथे बैठकीच्या भिंतीवर आजोबांची बंदूक टांगलेली होती. ताईंनी ती मागून घेतली, पर्समधून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि जेवण थंड होईपर्यंत त्या तिच्यात डोकं घालून बसल्या. पुण्याची देशस्थ बाई, घरात उंदीर मारायचं औषधही आणू न देणारी. पण त्या दिवसापासून वेड लागलं ते लागलंच.

इकडे या बंदुकीला सुम्मा म्हणतात. चापाखालचा दांडा खाली ओढला की वरचं दार उघडतं, एक गोळी सारायची, दांडा वर, झाला बार. इंग्रजी फौजेसाठी घडवलेल्या या बंदुका फिरत फिरत इथल्या डोंगरात पोचल्या आणि त्यांनी रानबकऱ्यांच्या शिकारी केल्या. आता लग्नात पुरुष ओळीनं नाचतात तेव्हा त्या मिरवतात. ताईंना त्यांच्या पिढ्या तोंडपाठ होत्या. आखूड दांडा म्हणजे जुनी, मार्क दोन; लांब दांडा म्हणजे नंतरची, मार्क चार; नळीच्या मुळाशी मुकुटाचा शिक्का. आणि तो ओबडधोबड असेल तर हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या लोहारांनी केलेली नक्कल. दाताचा साचा घ्यायचा गुलाबी मसाला त्या शिक्क्यावर दाबायच्या आणि ठसा उजेडात धरून वय सांगायच्या. "दाढ आणि बंदूक, दोन्ही किती झिजल्या ते बघायचं. माणूस वय चोरेल, दाढ नाही चोरत." हे वाक्य मी इतक्यांदा भाषांतरित केलं की शेवटी माझंच वाटायला लागलं.

डोंगराकडच्या रुस्ताक गावी अबू हिलाल यांच्याकडे मात्र गाडी अडली. म्हातारा ताठ, मोजकं बोलणारा. बंदूक त्याच्या वडिलांची. त्यांनी तिच्यानं केलेल्या शिकारींच्या गोष्टी गावाला पाठ. तिच्यावर नळीच्या मुळापर्यंत चांदीच्या पट्ट्या, सोनाराचं सुरेख काम. ताईंनी पाहिलं. दांडा लांब, तो ज्यात बसतो ती लोखंडी पेटी मात्र जुन्या घाटाची, पेटीच्या बाजूचा शिक्का घासून गेलेला, दांड्यावर कानशीचे वेडेवाकडे ओरखडे. भरल्या बैठकीत त्या म्हणाल्या, "विनू, सांग त्यांना. नक्कल आहे."

मी सांगितलं. अरबीत तो शब्द मराठीपेक्षा कठोर वाटला. अबू हिलालनं बंदूक परत घेतली, खुंटीवर टांगली आणि आम्हाला आणखी खजूर वाढले.

महिन्याभरात त्याच्या थोरल्या नातवाचं लग्न झालं. व्हिडिओ आमच्या फोनवर आला. नाचणाऱ्यांच्या ओळीत म्हातारा नुसती काठी घेऊन उभा होता. ताईंनी तो पुन्हा लावायला सांगितला, मग फोन उलटा ठेवला. "खरं ते खरं," म्हणाल्या, पण चहा तसाच राहिला.

पुढे माझ्या दाढेची टोपी हलायला लागली म्हणून मी त्यांच्या खुर्चीत आडवा झालो होतो. त्यांनी टोपी उचकटली, आत आरसा घातला आणि थांबल्याच. "अरे, खाली दाढ धडधाकट आहे तुझी!" मग एकदम, "विनू... आपण त्या बंदुकीच्या पट्टीखाली बघितलंच नाही." माझ्या तोंडात कापूस, मी काय बोलणार! "मूळ दांडा मोडला असेल, गावच्या लोहारानं दुसऱ्या बंदुकीचा बसवला असेल. आणि शिक्का बसलाय चांदीखाली. मी दागिन्याचा मान राखत बसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

त्याच शुक्रवारी आम्ही रुस्ताकला गेलो. मी म्हटलं, "ताई, आधी बघून तर घ्या, मग माफी मागा." त्या म्हणाल्या, "न बघता बोलले त्याची माफी आहे ही. आत काय निघतंय त्याचा काय संबंध?" बैठक भरेपर्यंत त्या थांबल्या. चारचौघांत बोलले ते चारचौघांतच परत घ्यायचं, हा त्यांचा हट्ट. त्यांनी हात जोडले, मी शब्द जोडले. अबू हिलालनं निरोप धाडून सोनाराला बोलावलं. नळीच्या मुळाची पट्टी निघाली आणि खाली मुकुट, कालच ठोकल्यासारखा. ताईंनी मसाला दाबला, ठसा काढला आणि माझी वाट न बघता स्वतःच म्हणाल्या, "अस्ली! मार्क दोन, अस्ली!"

म्हातारा म्हणाला, "ते माझ्या बापाला माहीत होतं, मलाही होतं. तुम्हालाच कळायचं राहिलं होतं, दक्तोरा." आणि पहिल्यांदा हसला. ताईही इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

ताई गेल्याचं त्याला फोनवर सांगणं बरं वाटेना, म्हणून मागच्या शुक्रवारी एकटाच गेलो. ऐकून त्यानं दुआ म्हटली. मग बंदूक खाली काढून माझ्या मांडीवर ठेवली. चांदी सगळीकडे लखलखत होती, पण नळीच्या मुळाशी पट्टी नव्हती. उघड्या लोखंडावर ताजं तेल होतं.

"पट्टी हरवली?" मी विचारलं.

"कपाटात आहे. मुलं म्हणतात, बसवून घेऊ, लग्नात बरं दिसत नाही." त्यानं तेलाचं फडकं उचललं. "मी म्हणतो, मी गेल्यावर बसवा. तोवर दक्तोरानं वाचलेलं सगळ्यांना दिसू दे."

फडकं त्यानं माझ्या हातात दिलं. पुण्याला जाणं मला जमलं नव्हतं, ताईंचं शेवटचं काही माझ्या हातून झालं नव्हतं. मी तो मुकुट सावकाश पुसत बसलो, आणि तिथे, त्या परक्या बैठकीत, मला मनसोक्त रडू आलं. अबू हिलाल शेजारी बसून राहिला.